हरळी

"टेंपो मागं घे," क्लेमेंटीन म्हणाली.

मैदानाच्या फाटकात ती पालथ्या घमेल्यावर बसली होती. समोर बांबूंनी लादलेला टेंपो घरघरत उभा होता. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"मावशी, मंडप टाकायचाय इथं. परवा लगीन आहे."

"कोनाचं?"

"ॲंजेला म्हणून कोण आहे तिचं. बेसिल अंकलनी पाठवलंय."

"माझीच पोरगी ती. मागं घे."

 ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"म्हणजे लगीन तुमच्याच घरचं?"

"हां."

"मग अडवताय कोणाला?"

"तुला," क्लेमेंटीन म्हणाली, आणि पदर खोचून पुन्हा नीट बसली.

लग्नाचं जेवण गोखिवऱ्याच्या हॉलमध्ये, एवढंच तिच्या कानावर होतं. हॉल, मंडप, बँड ही पुरुषांची कामं म्हणून धाकटा दीर बेसिल ती बघत होता. "तू काळजी करू नको, वहिनी," असं तो रोज म्हणायचा, आणि तो रोज तसं म्हणतो यातच काहीतरी काळंबेरं आहे हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

भुईगावच्या वाड्यांमध्ये वाढलेल्या माणसाला हरळी म्हणजे वैरीण. केळीच्या वाफ्यात, पानवेलीच्या बुडाशी, भाजीच्या सरीत ती कुठून येते कळत नाही. वरून खुडली तर हसते, मुळातून उपटली तर तुकड्यातून पुन्हा उगवते. क्लेमेंटीनचं निम्मं आयुष्य ती उपटण्यात गेलं होतं. तिचा नवरा मायकल फुटबॉलच्या मैदानाचं गवत सांभाळायचा. तो गेला, तेव्हा क्लबने त्याच्या जागी माणूस शोधला. कोणी फिरकलं नाही. शेवटी एका सकाळी क्लेमेंटीनच विळा घेऊन मैदानात उतरली. लोक हसले. बाई घरच्या वाडीतली हरळी उपटते, टोपलीत भरते आणि मैदानावर नेऊन लावते. ही तर येड लागायची लक्षणं.

पण त्या टोपलीतल्या हरळीनेच मैदान हिरवं झालं. पावसाळ्यात क्लेमेंटीन पाणी साचलेल्या मैदानावर कोणाला पाऊल टाकू देत नसे. पाऊस सरला की खळग्यांत रेती भरायची, रोलर फिरवून घ्यायची, कापणीच्या मशीनमागे स्वतः चालायची. नाताळच्या आसपास सामने सुरू झाले की दर रविवारी दोन्ही गोलपोस्टांपुढची जमीन टक्कल पडल्यासारखी उघडी व्हायची. सोमवारी क्लेमेंटीन गुडघ्यांवर बसून तिथे हरळीची ठिगळं लावायची, हाताने दाबायची, संध्याकाळी झारीने पाणी द्यायची. पाइपाच्या धारेने ठिगळ उखडतं, म्हणून झारीच. थंडीत हरळी झोपते. जानेवारीत पडलेला खड्डा पावसाळ्यापर्यंत बुजत नाही. म्हणून तिचा एकच कायदा होता. पहिल्या सामन्यापासून फायनलपर्यंत मैदानावर फुटबॉलशिवाय काही नाही. सभा नाही, क्रिकेट नाही, लग्न नाही.

मागच्या जानेवारीत जयवंतने मुलाच्या लग्नासाठी मैदान मागितलं होतं. जयवंत शेजारच्या आळीतला, मायकलचा जिवाचा दोस्त, त्याच्या अंत्ययात्रेत खांदा दिलेला. तिने त्यालाही नाही म्हटलं. त्याने हॉल घेतला, तिला आमंत्रण दिलं, आणि दारातून परतताना म्हणाला, "तुझ्या पोरीच्या वेळी बघू, क्लेमेंटीन."

"बघ," ती म्हणाली होती.

आता टेंपोच्या मागे बेसिलची स्कूटर येऊन थांबली. बेसिल क्लबचा सेक्रेटरी. मैदानाच्या फाटकाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची.

"वहिनी, ऊठ. माणसं खोळंबलीत."

"तू माझ्याशी खोटं बोललास."

"हॉल मिळाला नाय. लेन्टचे उपवास लागायच्या आधीची सगळी लग्नं एकदमच आलीत, पापडीपासून विरारपर्यंत कुठं जागा नाय. तुला आधी सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस?"

"नसती."

"म्हनून नाय सांगितलं. शेवटच्या घडीला सांगितलं की मानूस ऐकतो."

"कोनता मानूस?"

बेसिलने टेंपोवाल्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. "एका दिवसाचा मंडप, वहिनी. कडेकडेनं टाकू. गोलपोस्टाकडं जानार पन नाय."

"पहारीनं खड्डे मारनार. त्यावर दोन दिवस सतरंज्या. आचारी गरम तेल ओतनार, खरकटं पानी ओतनार. हजार मानसं नाचनार. आनि रविवारी सेमीफायनल. पोरं खड्ड्यात पाय मुरगळून घेतील, तेव्हा तू काय सांगशील, माझ्या पुतनीचं लगीन होतं?"

"ग्राउंड आपल्याच हातात आहे म्हनून—"

"म्हनूनच," ती म्हणाली.

रस्त्याने जयवंत भाजीची जुडी घेऊन चालला होता. तो थांबला. जुडी या काखेतून त्या काखेत घेतली आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. बेसिलने त्याला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"गावात तुझं नाव खराब होईल."

"ते राहिलंय कुठं चांगलं?"

"मग मंडप कुठं टाकू? माझ्या डोक्यावर?"

क्लेमेंटीन उठली, फाटकाला कुलूप घातलं आणि बेसिलच्या पुढ्यात हात पसरला. त्याने बराच वेळ नजर टाळली. मग खिशातून दुसरी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "ॲंजेलाला तूच सांग," तो म्हणाला. "तिला ठाऊक होतं."

हे मात्र तिला लागलं. मैदान ते घर एवढ्या वाटेत तिला दोनदा थांबावं लागलं.

ॲंजेला ओटीवर बसून करवल्यांच्या फ्रॉकना फिती शिवत होती. आईला पाहताच तिने सुई खाली ठेवली.

"तुला ठाऊक होतं," क्लेमेंटीन म्हणाली.

"हो."

"आनि गप्प राहिलीस."

"मग काय करू, मम्मी? लहानपणापासून बघते, गावातल्या सगळ्या पोरींची लग्नं त्या ग्राउंडवर झाली. माझी पण व्हावी वाटलं. जेन्सनच्या घरचे वऱ्हाडी आत्तापासून विचारतायत, जेवण नक्की कुठे? काय सांगू, माझ्या आईला गवत जास्त लाडकं?"

"सीझन नसता तर मीच मंडप घातला असता."

"सीझन कधी नसतो तुझा?"

 मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. मायकल असता तर त्याने काय केलं असतं, असा विचार क्लेमेंटीनच्या मनात आला. बहुतेक त्याने मैदान दिलं असतं. मायकल मऊ माणूस होता. या विचाराने तिला आधार वाटायच्या ऐवजी उलट ती जास्त ताठ झाली.

ती घराच्या मागच्या दाराने बाहेर पडली. मागे वाडी होती, राजेळीच्या केळींची. गावात राजेळी आता थोड्याच घरांत उरली होती. हा कंद तिच्या सासऱ्यांच्या हातचा, पिलांवर पिलं धरत इथवर आलेला. घड निम्मे भरले होते. उन्हाळ्यात ते पिकायचे, सोलून उन्हात वाळवायचे, सुकेळी व्हायची. क्लेमेंटीनने पडवीतला कोयता घेतला, पहिल्या केळीच्या बुडाशी उभी राहिली आणि मारला.

केळ काही लाकूड नव्हे. दोन घावांत ती पाण्याने भरलेल्या पोत्यासारखी आडवी झाली. दुसरी, तिसरी. चीक हातांवर ओघळला, साडीवर उडाला.

ॲंजेला दारात येऊन उभी राहिली. "मम्मी, काय करतेस?"

"मंडपाला जागा करते."

"ही राजेळी आहे."

"मला सांगतेस?"

मागोमाग स्कूटरवरून आलेला बेसिल आवाज ऐकून वाडीत आला आणि त्याने डोक्याला हात लावला. "वहिनी, येडी झालीस? उभी बाग तोडतेस? आपल्या बापानं लावलेली?"

"तुझ्या बापानं केळी लावल्या, हरळी उपटली. मी उलटं करते. त्या टेंपोवाल्याला इकडं बोलव."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, येडी आहे. दरसाल म्हनतात. एक मानूस जास्त म्हनेल, तो तू."

 बेसिल बाहेर जाऊन टेंपोवाल्याला हाक मारून आला. त्याच्या पाठोपाठ जयवंतही वाडीत शिरला. पडलेल्या केळींमधून वाट काढत तो एका घडापाशी वाकला, एक केळं दाबून पाहिलं.

"कच्चं आहे," तो म्हणाला.

"मग? भाजी कर."

"क्लेमेंटीन, मी तेव्हा सहज बोललो होतो. मनात धरायचं नव्हतं."

"तू सहज नव्हता बोललास. आनि मीपन सहज नव्हतं म्हटलं. घड उचल, बघत काय राहिलास? आनखी खूप आहेत."

जयवंतने घड खांद्यावर घेतला. परत आला तेव्हा त्याच्या हातात स्वतःचा कोयता होता. दोघांनी मग बरोबरीने काम केलं. अधूनमधून तो म्हणायचा, "ही तरी राहू दे." ती म्हणायची, "खांब कुठं रोवतील मग?" आणि तीही आडवी व्हायची.

चर्चमधल्या लग्नाच्या मिस्सानंतर लोक वाडीत आले. मंडपाखाली केळींचे बुंधे तसेच होते. जमिनीलगत कापलेले, गोल, पांढुरके. लोक त्यांना वळसा घालून ताटं घेत होते, बँड वाजला तेव्हा त्यांच्यामधून नाचत होते. एकदोघी बायका हळहळल्या. जेन्सनच्या आईने मात्र एक बुंधा निरखून पाहिला, नंतर क्लेमेंटीनला पाहिलं आणि स्वतःच्या ताटातला वड्याचा तुकडा तिला भरवला. 

क्लेमेंटीनचं लक्ष ॲंजेलाच्या गाउनकडे होतं. चिकाने भिजलेल्या मातीवरून पांढरी झालर फिरत होती आणि कडेने तपकिरी होत चालली होती. केळीचा डाग कशानेच जात नाही.

"गाउन वर धर," तिने मुलीच्या कानात सांगितलं.

"हात रिकामा नाही," ॲंजेला म्हणाली. तिचा एक हात जेन्सनच्या हातात होता. दुसऱ्याने तिने आईचं मनगट धरलं होतं.

ऊन कलायला लागल्यावर फोटोग्राफर आला. इथे मागे नुसते बुंधे येतात, तो म्हणाला, जवळ ते हिरवं मैदान आहे, तिथे पाच मिनिटं जाऊ. ॲंजेला, जेन्सन आणि क्लेमेंटीन त्याच्याबरोबर निघाली. कमरेची किल्ली क्लेमेंटीनला टोचत होती. लग्नाचा दिवस, एकुलती एक मुलगी, पाच मिनिटं. कोणी पाहिलंही नसतं. फाटकापाशी पोहोचेपर्यंत तिचा हात कमरेशी गेला.

"आत नको," ॲंजेला म्हणाली. "हिलची भोकं पडतील. इथंच काढा."

"मॅडम, मग मागे कुंपण येईल."

"येऊ दे."

फोटोग्राफरने खांदे उडवले, कॅमेरा लावला. मग थांबून म्हणाला, "मॅडम, गाउनची ती कड तेवढी मागे घ्या. डाग दिसतायत."

ॲंजेलाने खाली पाहिलं. वाकून झालर उचलली, झटकली, आणि होती त्यापेक्षा जरा पुढे, नीट पसरून ठेवली. मग ताठ उभी राहून कॅमेऱ्याकडे पाहू लागली.