चारशे बारा हिरव्या ओळी

ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणत, कारण टीमचा प्रमुख तिचा सख्खा दीर होता. त्यानेच तिला नोकरीला चिकटवलं, असं बोललं जाई, आणि ते खरंही होतं. पण डोळे फोडून काम करणारी ती एकटीच, हे कोणी बोलत नसे.

त्यांचं सॉफ्टवेअर यंत्रांची आपसातली बोलणी वाचून माणसाला कळेल असं मांडायचं. नवी आवृत्ती निघाली की वहिनी या बोलण्यांची जुनी चारशे बारा रेकॉर्डिंग त्यातून काढून, एखादं उत्तर बिघडलं नाही ना, हे पाही. नऊ दिवस लागत. यंदा तिने हे आपोआप तपासणारी स्क्रिप्ट लिहिली. अकरा मिनिटांत काम. तीन आठवडे सगळ्या ओळी हिरव्या, म्हणजे सगळं बरोबर. दिराने साहेबांपुढे छाती फुगवली, नवी आवृत्ती दोनदा ग्राहकांकडे गेली.

आज सकाळी तिला शंका आली. चारशे बारांतली एकही कधी रुसत नाही? इतकी गुणी तर कोणाच्या घरची पोरंही नसतात. तिने मुद्दाम सॉफ्टवेअरमधली एक ओळ मोडली आणि स्क्रिप्ट चालवली. सगळं हिरवंच.

तिने स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून वाचली. बरोबर उत्तरं साठवायला पहिल्या दिवशी लावलेलं सेटिंग चालूच राहिलं होतं. स्क्रिप्ट दर वेळी नवं उत्तरच बरोबर म्हणून लिहून घेई आणि त्याच्याशीच ताडून पाही. चोरालाच पंच नेमलेला.

मोडलेली ओळ जोडून, सेटिंग बंद करून तिने स्क्रिप्टच्या आधीच्या, हाताने तपासून ठेवलेल्या उत्तरांशी ताडलं. सात लाल. सहा किरकोळ. सातवं सलाईनच्या पंपाचं: पंप सांगत होता ‘नळी तुंबली’, सॉफ्टवेअर दाखवत होतं ‘ठीक’. एका हॉस्पिटलातले तंत्रज्ञ हाच पडदा बघून पंप तपासत आणि वॉर्डात पाठवत.

तिने हे दिराला दाखवलं, तेव्हा त्याने आधी दार लावलं. मग म्हणाला, संध्याकाळी नवी आवृत्ती जातेच आहे, तीत गुपचूप दुरुस्त करू.

“वहिनी, तुमची नोकरी जाईल. माझीही.”

“भावोजी, संध्याकाळपर्यंत किती पंप जातात तिथे?”

त्याला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

हॉस्पिटलात कळवायला तिने त्याच्या टेबलावरचा फोन ओढला. नंबर दोनदा चुकला. दिराने रिसीव्हर काढून घेतला. आता ठेवणार, असं तिला वाटलं. त्याने नंबर लावला आणि रिसीव्हर तिच्याच हातात दिला. बोलायची छाती त्याला नव्हती.

तीन आठवड्यांत तपासलेले पंप कुठे आहेत, तिने विचारलं.

“वॉर्डात,” पलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला. “का हो?”

तिने सांगायला सुरुवात केली.