जपानची काच

शहापूरच्या बाजारपेठेत अनिल विशेंचा फोटो स्टुडिओ आहे. कोणी तरुण पोरगं नवी लेन्स घेऊन सल्ला विचारायला आलं की ते आधी ती फिरवून कडेची बारीक अक्षरं वाचत. 'मेड इन जपान' असेल तर मान डोलवत. दुसऱ्या देशाचं नाव असेल तर लेन्स हळूच परत देत आणि म्हणत, "चालंल. काम भागंल." एवढ्यानेच त्या पोराचा चेहरा उतरायचा.

त्यांची स्वतःची लेन्स जपानची होती. जपान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की खुर्चीत डोळे मिटून ते तिथे जाऊन येत. एक लांबलचक पांढरी खोली, तिच्यात धुळीचा कण नाही. खिडकीबाहेर डोंगर, डोंगरावर सावकाश सरकणारं धुकं. आत पांढऱ्या कपड्यातला म्हातारा कारागीर बसलेला, काच घासतोय, उजेडात धरतोय, पुन्हा घासतोय. घाई कोणालाच नाही. हे डोंगर माळशेज घाटासारखेच दिसतात, हे अनिलरावांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

स्नेहल ही त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. आटगावला राहायची, फोटोग्राफीचा कोर्स करून काकांबरोबर काम करू लागली होती. तिने लेन्स घेतली ती त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. फक्त तिच्यावर थायलंड लिहिलेलं होतं.

"काका, आतली रचना तीच आहे. कारखाना तेवढा दुसरीकडं," ती म्हणाली.

"वाडा कोलमचं बी दुसऱ्या मुलखात पेरलं तर त्या तांदळाला तो वास येतो का गो?"

"काच काय शेतात उगवते?"

"माती नसंल, पण तिथली हवा लागते. हात लागतात." मग त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट केलं. "तुझी लेन्स असा फोटो काढंल का, सांग."

तो फोटो गिरजाकाकूंचा, अनिलरावांच्या बायकोचा होता. तानसा तलावाच्या काठी एका दगडावर त्या बसलेल्या, अंगावर हिरवं लुगडं, मागे सकाळचं पाणी. चेहऱ्याभोवती मऊ दुधाळ उजेड पसरलेला होता. केसांच्या कडा त्या उजेडात विरघळून गेल्या होत्या. एखाद्या स्वप्नातून उठताना शेवटचं जे दिसतं, तसा तो चेहरा होता.

काकू आजारी पडल्या तो सगळा पावसाळा अनिलरावांनी दुकान बंद ठेवलं होतं. ठाण्याला ऑपरेशन झालं, मग घरीच अंथरुणावर. कॅमेऱ्याची पिशवी काकूंच्याच खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून राहिली. दिवाळीच्या सुमारास त्यांना जरा बरं वाटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तानशाला जाऊ या, पाणी बघायला." तेव्हा काढलेला हा फोटो. पुढच्या होळीला त्या नव्हत्या.

लग्नाची ऑर्डर द्यायला येणारी माणसं त्या फोटोपुढे थांबत. "काका, आमाला असाच पायजे," म्हणत. अनिलराव त्यांना लेन्सबद्दल सांगत. जपानची काच कशी असते, उजेड कसा हळुवार धरते. सांगताना त्यांचा आवाज स्थिर असे. फोटोतल्या बाई कोण, हे कोणी विचारलं तर "आमच्या घरातल्या" एवढंच म्हणून ते पुन्हा काचेवर येत.

आणि खरंच, त्यांच्या फोटोंत तो उजेड असायचा. वर्षं सरली तसा तो वाढतच गेला. नवऱ्यामुली ढगातून उतरल्यासारख्या दिसत. स्नेहलचे फोटो स्वच्छ यायचे, हळदीचा कण न् कण दिसायचा. अनिलराव ते बघून म्हणत, "चांगले आहेत. जरा कोरडे आहेत."

मग वैशाखरे गावात हेतलचं लग्न आलं. हेतल मुरबाडच्या एका दवाखान्यात नर्स होती. स्टुडिओतला फोटो बघून तिनेच अनिलरावांना बोलावलं होतं. हळदीच्या संध्याकाळी मांडवामागे सूर्य कलत होता. अनिलरावांनी मुद्दाम उन्हाकडे तोंड करून फोटो घेतले. त्यांना वाटलं, आज जन्मातलं सगळ्यात सुंदर काम होतंय. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं सोनेरी दिसत होतं.

चार दिवसांनी हेतल आणि तिची आई फोटो बघायला दुकानात आल्या. मोठ्या पडद्यावर तो सोनेरी उजेड नव्हता. पांढुरकी साय होती नुसती. मांडव त्यात बुडालेला, माणसं त्यात बुडालेली, हेतलचे डोळेही पुसट झालेले. आई बराच वेळ बघत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने साधं विचारलं, "ह्यात आमची पोर कुठंय?"

 स्नेहलने त्याच हळदीत आपल्या कॅमेऱ्यातून काढलेले फोटो लावले. त्यांत हेतल होती, हसणारी, गालावर ओली हळद. आईच्या चेहऱ्यावर समाधान आलं. तेच फोटो घेऊन त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी स्नेहल काकांना घेऊन कल्याणला मितेशकडे गेली. मितेश लेन्स दुरुस्त करतो. त्याने लेन्स डोळ्यांसमोर धरली, पलीकडून बॅटरी मारली आणि ती अनिलरावांच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

काचेच्या आत पांढरे तंतू पसरले होते. बारीक, फांदीला फांदी फुटलेले, भाताच्या रोपाची मुळं पाण्यात धरल्यावर दिसतात तसे.

"बुरशी आहे," मितेश म्हणाला. "दमट हवेत पिशवी बंद राहिली की धरते. मग समोरून ऊन आलं की सगळं पांढरं होतं."

"जपानची लेन्स आहे," अनिलराव म्हणाले.

"असू दे ना काका. बुरशीला देश कुठं वाचता येतो? कधी पूर्ण पावसाळा बंद होती का?"

स्नेहलने काकांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. तिलाही तो पावसाळा आठवला होता.

"साफ करून देतो," मितेश म्हणाला. "ठेवू नका तशीच. ती काच खात जाते."

"उद्या आणून देतो," अनिलराव म्हणाले आणि लेन्स परत पिशवीत ठेवली.

सकाळी ते एकटेच तानशाला गेले. तलावावर धुकं उतरलं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. काठावर बसून त्यांनी लेन्स आभाळाकडे धरली आणि तिच्यातून नुसतेच बघत राहिले.

डोळे मिटून नेहमीच्या पांढऱ्या खोलीत जायचा त्यांनी प्रयत्न केला. या वेळी तिथे कारागीर नव्हता. ती त्यांच्या घरातली मागची खोली होती. कौलांवर पाऊस वाजत होता. दोरीवर न वाळणारे कपडे. चुलीवर काढा उकळतोय, त्याची वाफ खोलीभर. खाटेवर गिरजा, उशाला पाण्याचा तांब्या, आणि तिचा श्वास, जड, पण चालू. ते तिच्या पायाशी बसून रात्ररात्र तो श्वास ऐकत असत. कपाटातली काचही तीच हवा घेत होती. ती वाफ, ती ओल, तो श्वास. त्यातूनच ते तंतू फुटले होते, आणि दिवाळीत तोच उजेड होऊन तिच्या चेहऱ्याभोवती पसरले होते.

इतकी वर्षं त्यांनी तो उजेड परमुलखातल्या कोणाच्या तरी नावावर लावला होता. तो तर त्यांच्याच घरात उगवला होता.

आपलं काही गेलं असं त्यांना वाटलं नाही. उलट फार दूर ठेवलेलं काहीतरी जवळ आल्यासारखं वाटलं. ते तिथेच बसून रडले. गिरजा गेली तेव्हा सगळी व्यवस्था बघण्यात जे राहून गेलं होतं, ते त्या धुक्यात कोणी बघायला नसताना झालं. ऊन वर आल्यावर त्यांनी तोंड धुतलं, आटगावला जाऊन स्नेहलच्या हातात लेन्स दिली आणि म्हणाले, "मितेशला देऊन ये. साफ करू दे."

"नक्की ना काका?"

"काच खाते ती. आणि लोकांना त्यांची माणसं दिसायला पायजेत."

लेन्स साफ होऊन आली. एके दिवशी दोघांनी दुकानासमोरच्या गुलमोहराचे फोटो काढले, एक जपानच्या लेन्समधून, एक थायलंडच्या. अनिलरावांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ निरखलं. "कुठला कुणाचा?" त्यांनी विचारलं. स्नेहलने पुन्हा पाहिलं आणि तिलाही सांगता येईना. अनिलराव हसले. बऱ्याच दिवसांनी ते असे मोकळे हसले होते.

भाद्रपदात त्यांनी हेतलला फोन केला. हळदीचे फोटो बिघडले त्याबद्दल काही घेणार नाही, नवराबायकोचे पुन्हा काढून देतो, म्हणाले. ती दोघं वैशाखऱ्याच्या शेतावर आली. भात पोटरीला आलेलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात, बांधावर तेरड्याची जांभळी फुलं. घाटातून धुकं उतरत होतं. स्नेहलने आपली लेन्स काकांच्या हातात दिली आणि त्यांनी ती न फिरवता सरळ कॅमेऱ्याला लावली.

पण धुकं इतकं दाट झालं की समोरचं झाडही दिसेना. ते विरळ होईपर्यंत सगळे बांधावर बसून राहिले. पायाखालचं गवत ओलं होतं. कुठूनतरी गाईच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत होता, गाय दिसत नव्हती.

हेतल म्हणाली, "काका, राग नका मानू. तुमच्या दुकानातल्या त्या बाई कोण? मागं विचारलं, तर तुमी लेन्सचंच सांगितलं."

अनिलरावांनी कॅमेरा स्नेहलच्या मांडीवर ठेवला.

"माझी बायको. गिरजा," ते म्हणाले. "पाण्याला लय घाबरायची. विहिरीत वाकून बघायची नाय कधी. आणि आजारातून उठल्यावर पहिली काय म्हणाली, तर तानशाला घेऊन चला. मी म्हटलं, अगं तुला भीती वाटते ना. तर म्हणाली, आता नाय वाटत."

"मग?"

"मग गेलो. त्या दगडावर बसली नि पाण्यात पाय सोडले. पाणी गार होतं. इतकी हसली…" ते मध्येच थांबले, पण या वेळी त्यांना काचेकडे वळावंसं वाटलं नाही. "तिचा आवाज जाडा होता. हसली की शेजारची माणसं बाहेर येऊन बघायची."

हेतलही हसली. स्नेहल कॅमेरा मांडीवर घेऊन ऐकत होती. तिने काकूंबद्दलचं एवढं बोलणं काकांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. समोर धुकं भातावरून हळूहळू सरकत होतं, आणि अनिलराव सांगत होते.