चार पेडांची वेणी

मावशीची बहीण गेली तेव्हा तिची धाकटी मुलगी जेमतेम चालायला लागली होती. धाकटीला आईचा चेहरा आठवत नाही. थोरलीला आठवतो, पण ती त्याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलत नाही. त्यांचे वडील मालाचा ट्रक चालवतात. घरी कमी आणि रस्त्यावरच जास्त, म्हणून दोघी मावशीकडेच वाढल्या. मावशी दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणायचं आणि घरी येऊन या दोघींना "तोंड मिटा" म्हणायचं, हाच आपला धंदा, असं ती हसत सांगते.

सुट्टीत दोघींनी घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून एका दुपारी मावशी त्यांना शहरातल्या मोठ्या चित्रसंग्रहालयात घेऊन गेली. सुरुवातीला मजा आली. एका उघड्याबोडक्या दगडी वीरासमोर उभं राहून धाकटीने दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "याला थंडी वाजत नाही?" थोरली ओळखच नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहिली. पण दालनामागून दालनं संपेचनात. मग तहान लागली, पाय दुखले, भुणभुण सुरू झाली.

आतल्या एका लहान खोलीत धाकटी एकदम थबकली. समोरचं चित्र फार मोठं नव्हतं. अर्धवट उघड्या दाराशी एक बाई पाठमोरी उभी होती. केस वर बांधलेले, मानेवर एक बट सुटलेली.

"ही कोण?"

"असेल कुणीतरी," मावशी म्हणाली. "खाली नाव नाही लिहिलेलं."

"मला वाटतं, आई आहे."

थोरली उसळली. "काहीही बरळू नकोस! तुला आई आठवते तरी का?"

"नाही ना," धाकटी शांतपणे म्हणाली. "ही वळली की कळेल."

थोरलीचे डोळे भरून आले आणि ती तरातरा पुढे निघाली. मावशी तिच्यामागे धावली. धाकटी येतेच आहे, असं ती धरूनच चालली होती. थोरलीला गाठून तिने मागे पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं.

दोघी उलट्या पावली त्या खोलीत आल्या. मधलं बाक रिकामं होतं. मग शेजारची दालनं, जिना, स्वच्छतागृह, खालचं दुकान. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. परत वर येताना दाराशी खुर्चीवर बसलेल्या रखवालदार बाईंना तिने धापा टाकत विचारलं, "पिवळा फ्रॉक, एवढीशी, केस मोकळे..."

"पाहिली की," बाई म्हणाल्या. "आत्ताच गेली इथून. आईचा हात धरून."

"तिला आई नाही," थोरली म्हणाली.

बाई ताडकन उठल्या. तिघी मिळून पुन्हा त्याच लहान खोलीत शिरल्या. धाकटी बाकावर बसून पाय हलवत होती.

मावशीने तिला छातीशी धरलं, मग रागाने गदागदा हलवलं, मग पुन्हा धरलं. तेव्हा तिच्या हाताला वेणी लागली. धाकटीचे मोकळे केस कुणीतरी घट्ट विंचरून त्यांची चार पेडांची वेणी घातली होती. टोक रिबिनीशिवायच आत खोचलं होतं.

थोरली पांढरीफटक पडली. "अशी आई घालायची," ती पुटपुटली.

तशी घालायची खरी. मावशीने कितीदा शिकव म्हटलं होतं, पण बहीण नुसती हसायची. मावशीला तीनच्या पुढे पेड सांभाळता येत नसत.

"कोण होती ती? काय म्हणाली?"

"काही नाही. नुसती गुणगुणत होती."

"दिसायला कशी होती?"

"माझ्या मागे बसली होती ना," धाकटी म्हणाली. "मला कशी दिसणार?"

रखवालदार बाईंनी दोन्ही दारांतून डोकावून पाहिलं. कुणीही नव्हतं. मावशीने मुलींचे हात धरले आणि त्या चित्राकडे न बघता ती बाहेर पडली.

घरी येईपर्यंत तिने मनाची समजूत घातली. लेकरांची हौस असलेली कुणी बाई असेल. अशी वेणी जगात एकटीलाच थोडी येत होती?

धाकटी मात्र वेणीला हात लावू देईना. झोपताना ती मुठीत धरून झोपायची. पुढे केस विस्कटले, डोकं खाजायला लागलं, तेव्हा कुठे एका संध्याकाळी ती तयार झाली. मावशीने वेणी सावकाश सोडवली. कोणता पेड कुठून आला ते बघत, एकेक वळसा मनाशी घोकत. धाकटी न्हायला पळाली.

थोरली दारातून हे सगळं बघत होती.

"मावशी, मी पण तिथेच होते ना," ती म्हणाली. "मला तर ती आठवते. मग तिने माझी का नाही घातली?"

मावशीने फणी उचलली. "ये, बस इथे."

थोरली पाठ करून बसली. मावशीची बोटं अडखळली, एक पेड निसटला, पुन्हा धरला. थोरलीने डोळे मिटून घेतले होते. वेणी पुरी झाल्यावरही किती तरी वेळ तिने मागे वळून पाहिलं नाही.