दहातल्या सात सर्व्हिस

रुपाचा हिशेब साधा होता. टेनिसची सर्व्हिस जमली, तर बारा खोल्यांच्या चादरी सुटणार, पायात रिसॉर्टचे पांढरे बूट येणार आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे सकाळची पाळी मिळणार. सध्या किचनच्या टेंपोतून ती रात्री दहाला पाड्यावर उतरायची, तोवर तीन वर्षांची लेक झोपलेली. संध्याकाळची आई पोरीला दिसायची ती फक्त सोमवारी, सुट्टीला. नाही जमली, तर चादरी कुठे पळून जात नव्हत्या.

डोळखांबकडच्या त्या रिसॉर्टला टेनिसचं मैदान होतं, पण पाहुण्यांसमोर उभं राहायला माणूस नव्हतं. मॅनेजर हरेशसाहेबांनी रुपाला एका पाहुण्याचे चेंडू परतवताना पाहिलं होतं.

"परतवतेस झकास. पण डाव सुरू कोण करणार, पाहुणे? महिन्याने, शुक्रवारी, दहा सर्व्हिस मार. सात आत पडल्या तर सकाळची पाळी तुझी."

साहेब शिकवायचेही. म्हणजे खुर्चीत बसून "टॉस, रुपा, टॉस!" असं ओरडायचे. टॉस म्हणजे चेंडू वर फेकायचा, एवढं तिला कळलं होतं. कसा फेकायचा, ते साहेबांनाही कळलं नव्हतं.

रोज जेवणाच्या सुट्टीत शंभर सर्व्हिस. तिच्या जोडीची रविना चेंडू वेचता वेचता मोजायची.

"शंभरात एकतीस. काल पण एकतीस. एवढ्यात मी दोन खोल्या पुसल्या असत्या गो."

"पुस ना मग!"

"पुसणारच. तू सुटलीस तर तुझ्या पण मलाच पुसायच्यात."

चेंडू बोटांतून सुटतानाच गरगर फिरायचा. कधी डोक्यामागे, कधी नाकासमोर. रुपा त्याच्यामागे रॅकेट घेऊन धावायची, माशी मारायला धावावं तशी.

शेवटच्या सोमवारी सासऱ्याने, कमळूने, कौलं चाळायला, उतरवून पुन्हा बसवायला, काढली. तो छपरावर, रुपा खाली. लग्न झाल्यापासून कौलं वर द्यायचं काम तिचंच. हात कोपरात न वाकता वर जायचा, कौल तळव्यावरून अलगद सुटायचं, जराही न फिरता चढायचं आणि कमळूच्या हाताशी क्षणभर थांबायचं. त्याने नुसतं उचलायचं. साठ कौलं गेली, एक फुटलं नाही. एकसष्टावं तिच्या हातातच राहिलं.

"झोपलीस का गो?" कमळू वरून ओरडला.

"थांबा, मामा!"

तिने घरातून जुना चेंडू आणला आणि कौलासारखाच वर दिला. चेंडू कमळूच्या हाताशी येऊन थांबला. त्याने सवयीने धरला, सवयीनेच ओळीत ठेवला. चेंडू घरंगळत अंगणात.

"हे कसलं कौल? टिकतच नाय!"

"परत धरा, मामा. एकदाच."

"अगो, कौलं दे! मान भाजली माझी."

एकदाच म्हणजे ऊन उतरेपर्यंत. दारात उभी सासू तानी म्हणाली, "खेळतंय कोण, सून का सासरा?"

मंगळवारी शंभरात अठ्ठावन्न. गुरुवारी एक्काहत्तर. रविनाने बोटांवर पुन्हा मोजलं.

शुक्रवारी साहेब खुर्चीत बसले आणि रुपाचा हात पुन्हा जुना झाला. पहिल्या दोन जाळीत. तिसऱ्या वेळी तिने साहेबांकडे पाहिलंच नाही. वर कमळू बसलाय असं धरलं आणि चेंडू त्याच्या हातात दिला. आत. पुढच्या चारही आत. आठवी बाहेर, नववी आत. दहावी जाळीच्या पट्टीला घासून पलीकडे पडली.

"पट्टीला लागली," साहेब म्हणाले. "धरायची नाही. परत मार."

तिने चेंडू वर दिला, तो थांबेपर्यंत थांबली आणि मारला. साहेब उठून रेषेपर्यंत चालत गेले. वाकले. रेषेवरचा चुना उडाला होता.

"सात!" रविना आधी ओरडली.

रुपाने तिथेच फतकल मारली. महिनाभर अडकलेला श्वास एकदम सुटला, मग हसू आलं, आणि ते थांबेना.

पुढच्या आठवड्यात ती साडेपाचला पाड्यावर पोचली. लेक जागी होती; आधी आईला बिलगली, मग बुटांची नाडी सोडायला बसली.

साहेबांनी मालकांना कळवलं, की मुलगी आपण तयार केली. त्यांना ही जमा फुकटात पडली. रुपाच्या खोल्यांतल्या चार रविनाच्या माथी आल्या. त्याची वसुली ती रोज टोमण्यांनी करते. आणि कमळू? अर्धं छप्पर अजून उघडं, मानेची सालटं निघतायत, तानी खोबरेल चोळतेय. शिकवणी त्याची, आणि फीही त्यानेच भरली.