तिसरं काडतूस

परीक्षा सोपी होती. पंच्याहत्तर मीटरवर मूसचं, म्हणजे उत्तरेकडच्या थोराड हरणाचं, चित्र, नव्वद सेकंद, चार गोळ्या. ताइस्तोच्या पहिल्या दोन नेमक्या जागी बसल्या. तिसऱ्या वेळी त्याने बोल्ट, काडतूस आत सारणारा दांडा, पुढे ढकलला आणि काडतूस नळीत जायचं सोडून तिरकं होऊन बसलं, टोक आभाळाकडे. तो नखाने ते उपसत राहिला आणि शिट्टी वाजली. मागे शिकारी टोळीतली अकरा माणसं खिशात हात घालून उभी होती. एकही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

टोळीचा म्होरक्या काउको कागदावर फुली मारून जवळ आला.

"पुढच्या शनिवारी शेवटची परीक्षा," तो म्हणाला. "त्यातही नापास झालास तर तुझी जागा आपल्या पेंटीच्या जावयाला द्यावी लागेल. दोन वर्षं दारात उभा आहे तो."

"माहीत आहे."

"माझ्या बंदुकीवर दे की परीक्षा. मी कुठे बोलणार नाही."

"आणि जंगलात? तिथे दुसरी गोळी अडकली तर पहिली अंगात घेऊन जखमी जनावर पळून जाईल. बसा मग तीन दिवस रक्त शोधत."

"तेही खरंच," काउको म्हणाला आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

ताइस्तोला मांसाची गरज नव्हती. एकट्या माणसाला असं लागतं किती? त्याला हवे होते ते हिवाळ्याआधीचे शिकारीचे आठ-नऊ शनिवार. आयला, त्याची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच्याशी बोलणारी माणसं म्हणजे ही टोळी. बोलणारी म्हणजे तरी काय, शेकोटीवर सॉसेज भाजता भाजता "वारा उत्तरेचा दिसतोय" एवढं म्हणणारी. पण ते वाक्य त्याला उद्देशून असायचं. उरलेलं वर्ष तो दुकानातल्या मुलीला "पिशवी नको" असं सांगून भागवायचा.

बंदूक त्याने वसंतात घेतली होती. जुनीची नळी झिजली होती. ही कायानी गावच्या कुणा वनाधिकाऱ्याने स्वतःसाठी खास घडवून घेतलेली. अक्रोडाचा दस्ता, लांब काडतुसाची, बोल्ट हाताने घासून काचेसारखा केलेला. घडवून घेणारा गेला, घडवणाराही गेला. म्हणजे तक्रार करायला कुणी शिल्लक नाही, आणि ताइस्तो तसाही तक्रार करणाऱ्यांतला नव्हता.

रविवारपासून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला. दारू नसलेली चार खोटी काडतुसं केली आणि एकेक संशयित धरायला सुरुवात केली. आधी मॅगझिनची, काडतुसांच्या पेटीची, स्प्रिंग. कमजोर झाली असेल, तळातलं काडतूस वेळेवर वर येत नसेल. नवी घातली. तिसरं अडकलं. मग नळीच्या तोंडाकडे जाणारा उतार. बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत होता, तरी पॉलिश केला. तिसरं अडकलं. काडतुसं बदलली, टोकदार सोडून बोथट तोंडाची घेतली. आता तर दुसऱ्या नंबरचंच अडकलं. मॅगझिनच्या कडा मोजल्या, त्यांत कणभर खोट निघाली नाही. मंगळवारी संध्याकाळी त्याने बंदुकीकडे पाहून एक अस्सल ट्रकवाल्याची शिवी दिली, तीसुद्धा कुजबुजत.

बुधवारी तो हेन्नाकडे गेला. पंचक्रोशीत बंदुका दुरुस्त करणारी ती एकटीच. चाळिशीच्या आतली, हातभर ग्रीस, तोंडाने फटकळ. तिने चार काडतुसं भरली आणि खटाखट ओढून चारही बाहेर उडवली. पुन्हा भरली, पुन्हा उडवली. दहा वेळा.

"बंदुकीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "उलट फार सुरेख काम आहे हे. तुम्ही करा बघू."

ताइस्तोने केलं. तिसरं अडकलं.

"पुन्हा."

पुन्हा अडकलं. हेन्ना वाकून त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"अहो, तुम्ही बोल्ट पूर्ण मागे आणतच नाही. बोटभर आधी थांबता. लांब काडतूस आहे हे, त्याच्या मागे जाऊन त्याला ढकलायला नको? तुम्ही मध्येच त्याच्या पाठीत कोपर मारताय. मग ते टोक वर करणार नाही तर काय करेल?"

"जुन्या बंदुकीत चालायचं."

"जुनीचं काडतूस आखूड असणार. ओढा जोरात. टक्क आवाज आला पाहिजे."

त्याने ओढला. बोल्ट टोकाशी पोचायच्या आत त्याचा हात आपोआप सैल पडला, आणि आवाज झालाच नाही.

"हे काय, लोण्यातून सुरी काढताय का?" हेन्ना हसली. "घरात कुणी झोपलंय की काय?"

"आयला," ताइस्तो म्हणाला. "रात्रपाळी असते तिला."

हेन्नाचं हसू थांबलं. आरोग्यकेंद्रात रात्री ड्यूटीवर असणाऱ्या आयलाला सगळा तालुका ओळखत होता, आणि तिच्या अंत्यविधीला हेन्ना स्वतः आली होती. ताइस्तोलाही आपण काय बोललो ते तेव्हाच उमगलं. त्याने मान खाली घातली आणि काडतुसं गोळा करायला लागला.

एकतीस वर्षं आयला सकाळी आठला येऊन झोपायची. ट्रकच्या फेऱ्या नसतील तेव्हा ताइस्तो घरी असायचा आणि त्या घरात कशाचाही आवाज होत नसे. कपाटाची दारं तो बोट मध्ये घालून लावायचा. चमचा कपाला लागू द्यायचा नाही. दाराची मूठ दाबून धरून दार लोटायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्रेम करतो असं म्हणायची पद्धत त्यांच्यात नव्हती, त्याऐवजी ही होती. ती गेली आणि हाताला ते कुणी कळवलंच नाही.

"जोरात ओढायची सवय करा," हेन्ना त्याला दारापर्यंत सोडायला आली. "दोनशे वेळा. घरीच. नाही जमलं तर मला फोन करा, नुसताच केलात तरी चालेल."

गुरुवारी त्याने स्वयंपाकघरात करून पाहिलं. जमेना. हात बोटभर आधी थांबे आणि कान बेडरूमच्या बंद दाराकडे लागत. असं म्हाताऱ्या माणसाने वागावं याचा त्याला संताप आला, आणि संतापातही त्याने खुर्ची उचलूनच मागे घेतली.

शुक्रवारी भरदुपारी तो बंदूक घेऊन बेडरूममध्ये गेला. आयलाच्या दिवसाच्या झोपेसाठी लावलेला काळा पडदा त्याने वर केला. उजेड एकदम आत आला, पलंगावर, तिच्या बाजूच्या उशीवर. तो तिच्या बाजूला बसला. काडतुसं भरली आणि बोल्ट ओढला, सगळा, टोकापर्यंत. टक्क. भिंत वाजल्यासारखी झाली. तो थांबून ऐकत राहिला. मग पुन्हा ओढला. चार काडतुसं, पुन्हा चार, पुन्हा चार. एकही अडकलं नाही. एखादं तरी अडकेल अशी त्याला आशा होती. ती मावळली तेव्हा तो रडला, आणि रडतानासुद्धा भरत राहिला, ओढत राहिला.

दाराची घंटा वाजली. शेजारच्या घरातली बाई होती, केसांना टॉवेल गुंडाळलेली.

"कसला आवाज चाललाय?" ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून जरा ओशाळली. "माफ करा हं. दोन वर्षं राहतेय मी इथे. मला वाटायचं हे घर रिकामं आहे."

"नाही," ताइस्तो म्हणाला. "मी असतो. उद्या परीक्षा आहे माझी."

"मग चालू द्या," ती म्हणाली.

शनिवारी त्याने चारही गोळ्या एकसष्ट सेकंदांत मारल्या. चारही आत. काउकोने त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पेंटीच्या जावयाकडे बघून खांदे उडवले. मग सगळे शेकोटीशी जमले. काउकोने ताइस्तोला आपल्या शेजारी ओंडक्यावर जागा करून दिली.

"काय होतं रे बंदुकीला?"

"काही नाही. जोरात ओढायची होती."

"एवढंच? मग आठवडाभर काय करत होतास, प्रार्थना?"

दोघे-तिघे हसले. ताइस्तो आगीकडे बघत होता.

"मला वाटत होतं आयला उठेल," तो म्हणाला.

काउको हातातली काडी फिरवून सॉसेजची दुसरी बाजू भाजायला लागला. बराच वेळ त्याने ती भाजली.

"मग?" त्याने विचारलं.

"नाही उठली."

काउकोने सॉसेज काडीवरून काढून पावात घातलं, मोहरी लावली, आणि स्वतः न खाता त्याच्या हातात दिलं.