पाठीवर लिहिलेलं, पोटात ठेवलेलं

मित्रांनो, मी एक जुना लाऊडस्पीकर. मोठ्या कंपनीचा, चकचकीत जाळीचा वगैरे मुळीच नाही बरं का! माझ्या अंगावर कंपनीचं नावसुद्धा नाही. पाठीवर तेवढे लाल रंगात दोन शब्द होते, 'उघडू नये'. या दोन शब्दांनी माझी काय दैना केली, ते ऐका. मी बरीच वर्षं मुका होतो, त्यामुळे आता बोलायला लागलो की थांबत नाही.

माझा जन्म अकोल्याचा. अन्सारभाईंचं तिथे पत्र्याच्या छपराखाली छोटंसं दुकान होतं. माझी पेटी परतवाड्याहून आणलेल्या सागाची. लोखंडी चौकट त्यांनी स्वतः ठोकून वाकवली. कागदी कोन, म्हणजे ज्याच्या थरथरण्यानं आवाज निघतो तो पडदा, त्यांनी हातानं कापला. आणि त्याला चिकटवायची तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळली ती त्यांच्या बायकोनं, अकीलाभाभीनं. अन्सारभाई मोठे हट्टी. बाजारातलं तयार माप त्यांना चालायचं नाही. "बाजारातला कोन लावला तं बाजारासारखाच आवाज येईन," म्हणायचे. म्हणून माझं माप जगात कुठेच नाही. मला तेव्हा याचा भारी ताठा होता.

मला न्यायला चांदूर रेल्वेचे खुशालराव आले. स्टेशनाजवळ त्यांचं चहा-आलूबोंड्याचं हॉटेल होतं. त्यांच्यासमोर अन्सारभाईंनी एक जास्तीचा कोन कॉइलसकट जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पोटात ठेवला.

"भाऊ, मी लहान माणूस. आज दुकान हाय, उद्या नसलं तं? कंपनीचा माल कुठंबी भेटते, माहा नाई भेटत. हा राहू द्या आत."

मग त्यांनी मागची फळी पक्की बसवली आणि वर ते लाल शब्द रंगवले. अर्धवट कारागिरांनी त्यांच्या आधीच्या पेट्यांची वाट लावली होती, त्याचा राग होता तो. औषध आत ठेवलं आणि त्याच हातानं वर कुलूप ठोकलं. भल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही.

घरी आल्यावर खुशालरावांनी ही गोष्ट मोठ्या कौतुकानं बायकोला, मैनाबाईला सांगितली. ती चुलीवर तेल तापवत होती. "हाव, हाव," ती हसून म्हणाली. मित्रांनो, तिला एक अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. तिचे कान तेव्हापासूनच मंद व्हायला लागले होते आणि ती ते लपवत होती. लोक काय म्हणतील म्हणून सगळ्यांना हाव, म्हणजे हो, म्हणायची. पाठीवरचं मात्र तिनं सावकाश वाचलं आणि मनात पक्कं धरलं.

ते दिवस माझे मोठे मजेचे होते. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे जायच्या, बाजाराला आलेली माणसं बाकांवर दाटीनं बसायची, आणि मी रेडिओवरची भजनं, बातम्या, नाटकं सगळ्यांना ऐकवायचो. "आवाज तं छातीतच बसते लेकाचा!" कुणीतरी म्हणायचं. "अकोल्याचा हाय. अन्सारभाईचा," खुशालराव सांगायचे, जणू मी त्यांचा जावईच.

मैनाबाईचं दुखणं त्यांच्या लक्षात आलं ते एका भजनाच्या वेळी. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती त्यांच्या तोंडांकडे बघून वाजवत होती. खुशालरावांनी तिचा हात धरला आणि तळवा माझ्या लाकडावर ठेवला. माझी थरथर तिच्या हातात गेली. तिचे डोळे एवढाले झाले! तेव्हापासून मैनाबाई हातानं ऐकायची. रोज दुपारची गर्दी ओसरली की ओले हात पदराला पुसून माझ्याजवळ येऊन बसायची. मी कुणासाठी जन्मलो असं विचाराल, तर या एका तळव्यासाठी.

पुढे वर्षं वाईट आली. कापूस बोंडातच किडायचा, पिकला तर भाव नसायचा. ज्यांच्या हातात पैसा नाही ती माणसं बाजाराला कशाला येतील, आणि आलीच तरी चहाला कशाला थांबतील? जिनिंग बंद पडली. बाकांवर धूळ बसायला लागली. खुशालरावांनी हॉटेलला कुलूप लावलं आणि त्यानंतर ते स्वतःच फार दिवस राहिले नाहीत. मुलगा गोपाल नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत लागला होता. घरात उरली मैनाबाई आणि मी.

घर रिकामं झालं की ऐकायची भूक वाढते. तळव्याला पुरेना, म्हणून ती आवाजाचं बटण पिळायची. रोज थोडं जास्त. एके दुपारी तिनं ते अगदी शेवटापर्यंत फिरवलं. मी जीव तोडून ओरडलो, अक्षरशः! कोन टराटरा फाटला, कॉइल जळाली, आणि मी गप्प झालो. तिचा मला राग आला नाही. एकट्या बाईनं आणखी काय करायचं?

तरी ती रोज यायची. हात पुसून तळवा ठेवायची आणि वाट बघायची. काय सांगू मित्रांनो, त्या हाताखाली वीतभर अंतरावर माझं औषध फडक्यात गुंडाळून पडलं होतं! मला ठाऊक होतं. त्या घरात फक्त मलाच ठाऊक होतं, आणि माझीच वाचा गेली होती. इतकं एकटं कुणी नसावं.

गोपालनं मला अमरावतीला नेलं. मैनाबाई सोबत होतीच. तिथला कारागीर म्हणाला, "हे माप येतच नाई. मागून फळी काढून दुसरं काई बसते का पायतो." त्यानं फळीच्या स्क्रूला पेचकस लावला मात्र, मैनाबाई वाघिणीसारखी आडवी आली.

"हात नोको लावू! लिहेल हाय त्याच्यावर. ह्यायच्या देखत लिहेल हाय!"

तेव्हा मात्र मी चिडलो. अगं बाई, उघडू दे की! पण नवऱ्याच्या मागे त्याच्या देखत लिहिलेला तो शब्द तेवढा तिच्याजवळ उरला होता. तो ती कसा मोडणार?

शेवटी गोपाल आईला न्यायलाच आला. "माय, आता एकटी नोको राहू. चाल नांदगाव पेठेले. पण खोली लहान हाय, हा मुका डबा तिथं कुठं ठेवू? भंगारवाला आतला चुंबक तरी घेईन." त्यानं हे तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. मैनाबाईनं माझ्या पाठीवरचे लाल शब्द बोटानं चाचपले.

"एकडाव अकोल्याले ने. अन्सारभाईनं नाई म्हटलं तं दे भंगारात."

म्हणजे माझा निकाल लागायचा होता, आणि तिच्या तळव्याचाही.

अकोल्यात अन्सारभाईंच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. अन्सारभाई जाऊन वर्षं झाली, असं तिथल्या माणसानं सांगितलं आणि मागच्या गल्लीतलं घर दाखवलं. माझा धीरच सुटला. दारात अकीलाभाभी आली. केस पांढरे झालेले, नजर मात्र तीच. तिनं गोपालकडे बघितलं नाही, मैनाबाईकडेही नाही. सरळ माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"किसीने खोला तो नई ना?"

"नाई. मायनं कोणाले हातच लावू देल्ला नाई," गोपाल म्हणाला.

"फिर दूसरा कोन अंदर होयेंगाच! उसकी कॉइल भी मैनेच लपेटी थी."

तिनं घरातून पेचकस आणला. फळी निघाली. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात उजेड शिरला. फडकं तिनं ओळखलं, नाकाशी नेलं, आणि मग पदरानं डोळे पुसून कामाला लागली. फाटका कोन सोडवला, नवा बसवला, कड चिकटवली. डिंक वाळेपर्यंत कुणाला श्वासही मोठ्यानं घेऊ देईना. मग घरातला जुना रेडिओ मला जोडला.

आता पहिला शब्द एखाद्या अभंगाचा असावा की नाही? छे! नेमके कापसाचे बाजारभाव लागले. मैनाबाईनं हात पदराला पुसला आणि तळवा ठेवला.

"बातम्यावाला बोलून रायला वाटते," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली. जगात कापसाच्या भावावर असं सुखानं कुणी रडलं नसेल.

थोड्या वेळानं अकीलाभाभीनंही हळूच आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. "उनके हाथ का एक भी डब्बा घर में नई बचा," ती म्हणाली. दोघी तशाच बसून राहिल्या. मी बोलत राहिलो.

फळी लावताना भाभीनं फाटका कोन टाकला नाही. तो त्याच फडक्यात गुंडाळून पोटात ठेवला आणि म्हणाली, "अब दूसरा नई है. मेरे बाद बनानेवाला भी कोई नई. पर ये रहने दो. फटा है तो क्या, नाप तो रहेंगा. कोई भी इसपर से काट लेंगा."

मैनाबाई सवयीनं हाव म्हणायला गेली. मग थांबली. माझ्या पोटाकडे बघितलं, भाभीच्या तोंडाकडे बघितलं.

"भाभी, मले आयकू नाई आलं," ती मोठ्यानं म्हणाली. "पुन्हा सांगा."

मित्रांनो, हे वाक्य तिनं तेल तापवताना म्हटलं असतं तर! पण आता तरी म्हटलं, हे काय थोडं झालं?

आता मी नांदगाव पेठेत खाटेच्या पायथ्याशी असतो. गोपालनं ते लाल शब्द खरवडून काढले आणि तिथे लिहिलं, 'उघडा. आत माप आहे.' पोटात आता दुसरा चांगला कोन नाही. पुन्हा फाटलो तर माझ्यासाठी कोण कागद कापायला बसेल, हा विचार रेडिओ बंद झाला की येतो. तेव्हा एवढं करा. घरातली जुनी मुकी वस्तू फेकण्याआधी ती एकदा उघडून बघा. आणि घरात कुणी नुसतंच हसून हाव म्हणत असेल, तर जवळ जा, हात धरा, आणि पुन्हा सांगा.