माझ्या घड्याळातले साडेपाच तास

साहेब, तुम्ही एका शिक्षिकेला खोटारडी ठरवलंत आणि साक्षीला मला उभं केलंत. माझ्या पोटातलं एक पान छापलंत, एका आकड्याखाली लाल रेघ ओढलीत, की झालं तुमचं काम. पान काय सांगतं, ते वाचायची तसदी मात्र घेतली नाहीत.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आठ वर्षांपासून या साहेबांच्या तेव्हाच्या, रेडिओची लायसन्सं तपासणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या मागच्या खोलीत, मोडक्या पंख्यांच्या शेजारी धूळ खात पडलो आहे. माझ्या अंगावर जप्तीचा कागद डकवलेला आहे. चोरी कोणी केली नाही, दरोडा कोणी घातला नाही. तरी मी जप्त आहे.

नागपूरच्या एका बंद पडलेल्या कंपनीतून १९९६ साली मला सुनीतीबाईंनी विकत घेतलं. त्या अल्लीपूरला विज्ञान शिकवत. त्यांना हौशी रेडिओचा नाद होता. म्हणजे काय, तर परीक्षा देऊन सरकारचं लायसन्स घ्यायचं आणि घरच्या सेटवरून जगभरातल्या अशाच नादिष्ट माणसांशी बोलायचं. या माणसांच्या शर्यती असतात. दोन दिवसांत जास्तीत जास्त स्टेशनं गाठायची, एकमेकांना नाव आणि नंबर सांगायचा, आणि तो मिनिटासकट टिपायचा. दोन्हीकडची टिपणं जुळली तरच गुण.

बाई आधी वहीत टिपत. एकाच माणसाला दोनदा गाठलं की गुण नाही, म्हणून दरवेळी मागची चौदा पानं चाळत. तोवर पलीकडचा निघून जाई. बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेल्या चिंधूभाऊंनीच त्यांना म्हटलं होतं की, पानं उलटता उलटता म्हातारं व्हायचं असेल तर वही बरी, नाहीतर मशीन घ्या.

म्हणून मी आलो. एका फ्लॉपीवर नोंदी ठेवण्याचा प्रोग्रॅम आला. बाई नाव टाइप करत, एंटर दाबत, आणि वेळ मी माझ्या घड्याळातून आपोआप लिही. तेच नाव पुन्हा आलं की लगेच टूं करून सांगे. पण सुरुवातीला माझंही चुकलं. मी सुरू झालो की सेटमध्ये अशी खरखर होई की काही ऐकू येईना. चिंधूभाऊ कान लावून बसले आणि म्हणाले, "बाई, जपान राह्यलं तिकडं, हे डबडंच तुमच्याशी बोलून राह्यलं." मग त्यांनी जुन्या टीव्हीतून काढलेलं लोहचुंबकी कडं माझ्या वायरीवर चढवलं आणि माझं तोंड बंद केलं.

पहिल्या शर्यतीत एकसष्ट स्टेशनं गाठली. बाईंनी फ्लॉपी पोस्टाने पाठवली. उत्तर आलं, एकसष्टच्या एकसष्ट बाद. कारण माझं घड्याळ अल्लीपूरच्या वेळेवर होतं, आणि या शर्यतीत सगळं जग एकच जागतिक वेळ लिहितं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. बाई दोन दिवस माझ्याजवळ फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं घड्याळ साडेपाच तास मागे केलं आणि माझ्या कपाळावर कागदाची पट्टी चिकटवली: "यात ५.३० मिळवा = आपली वेळ." ती पट्टी लक्षात ठेवा.

पुढच्या शर्यतीत तीनशे बारा नोंदी झाल्या. एक नाव नीट ऐकू आलं नव्हतं, ते बाईंनी स्वतःहून खोडलं. कोणी बघत नव्हतं तरी खोडलं. अशी ही खोटारडी बाई.

मग आला मार्च १९९९ मधला तो रविवार. सकाळी आठनंतर वानरांची टोळी छपरावर आली आणि अँटेनाची तार तोडून गेली. बाई आणि चिंधूभाऊ बारा वाजेपर्यंत छपरावर तुटलेल्या तारेला डाग देत बसले होते. सेट बंद. त्याच सकाळी नऊच्या मालिकेत शेजारच्या किराणा दुकानदार हिरालालजींच्या टीव्हीवर मुंग्या आल्या. त्यांना वर तार दिसली. तार दिसली म्हणजे दोष तारेचा. त्यांनी तक्रार ठोकली.

साहेब, तुम्ही जीप घेऊन आलात. पान छापून घेतलंत. रविवार, ०९०५, एक नोंद. तुमचा चेहरा असा फुलला की काय सांगू. बाई म्हणाल्या, सकाळी नऊला सेट बंद होता. तुम्ही म्हणालात, "मॅडम, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत," बाई म्हणाल्या. "त्याला विचारा ना, घड्याळ कुठलं आहे ते."

तुम्ही विचारलं नाहीत. चिंधूभाऊ पुढं आले, तर त्यांना म्हणालात की, दुकानदारांनी दुकानात बसावं. तुमच्या माणसाने मला उचललं तेव्हा त्याचा अंगठा त्या पट्टीवरच होता.

चार महिन्यांनी चिंधूभाऊंना हिरालालजींच्याच अँटेनाचा बूस्टर बिघडलेला सापडला. मित्रांनो, माणूस चुकतो, पण हिरालालजी चूक मान्य करायला बस पकडून आले. या खोलीच्या दारातच बोलणं झालं, मी ऐकलं. "साहेब, दोष माह्या बूस्टरचा होता. तक्रार मीच केलती, आता वापस घेतो. हे लिहून आणलं."

"फाइलवर शेरा चढला," तुम्ही म्हणालात. "आता तो आमच्या हातात नाही."

मग कोणाच्या हातात आहे? शेरा आहे "खोटे निवेदन". त्या दोन शब्दांमुळे बाईंचं लायसन्स नवं होत नाही. तेव्हापासून त्या एक अक्षर हवेत बोललेल्या नाहीत. दरवर्षी येतात, बाकावर बसतात, अर्ज देतात. तुमच्यानंतर तीन साहेब आले. तिघांनी फाइल उघडली, लाल रेघ पाहिली आणि मिटली. गेल्या खेपेला बाई माझ्याजवळ येऊन थांबल्या. रुमालाने फक्त ती पट्टी पुसली आणि गेल्या.

आता दारावर नोटीस लागली आहे. येत्या गुरुवारी या खोलीतलं सगळं भंगारात जाणार. मी जाईन, त्याचं दुःख नाही. पण त्या रविवारच्या सगळ्या नोंदी माझ्याच डिस्कवर आहेत. ०२४१ ला एक, त्यानंतर थेट ०६४८ ला. मधले चार तास, म्हणजे आपली सकाळ, कोरे. वानरांचे ते चार तास माझ्याबरोबर वितळले की बाई कायमच्या खोटारड्या.

मित्रांनो, यंत्राला झाकण घाला, धूळ पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्यावर काय लिहिलं आहे, ते आधी वाचा. कोणाला दोषी म्हणण्याआधी तर नक्कीच वाचा.

आणि साहेब, पट्टी अजून माझ्या कपाळावर आहे. पाचवीचं पोर सोडवेल असं गणित आहे. नऊ वाजून पाच मिनिटांत साडेपाच तास मिळवले, तर किती वाजतात? आता ज्या ऑफिसात असाल तिथून गुरुवारच्या आत लिहून द्या. खाली सही करा, आणि उत्तर सुनीतीबाईंच्या पत्त्यावर पाठवा.